लाव्यांच्या आळीतले अकरा दगड

त्या राज्यात रस्ता एकच होता आणि त्यावर पळायची परवानगी कोणालाच नव्हती. चालायची होती.

रस्ता डोंगरातल्या गोठ्यांपासून निघून नदीकाठच्या कुरणापर्यंत जाई. खुरवाले सगळे, म्हणजे म्हशी, रेडे, बैल, घोडे आणि गाढवे, रोज सकाळी त्याने चरायला जात. कुरणात आधी पोचेल त्याला ओले गवत मिळे, मागून येणाऱ्याला वाळलेले, आणि त्याच्याही मागून येणाऱ्याने काय खायचे याचा विचार राज्यात कोणी केलेला नव्हता. अशा कुरणाला असा रस्ता जोडून दिल्यावर खुरवाले चौखूर उधळणार हे कोणीही सांगितले असते. ते उधळत. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, गवताच्या मुळाशी, ज्यांना खूर नव्हते ते राहत.

म्हणून रस्त्याच्या मध्यावर नाका होता आणि नाक्यावर कुत्रे होते. कुत्रा एकदा भुंकला की उधळलेल्याने जागच्या जागी थांबायचे, एवढाच नियम. थांबला तर शिक्षा एक दिवसाची. त्या दिवशी कुरण नाही, नाक्यावरच्या खुंट्याला बांधून घ्यायचे आणि संध्याकाळी मुकाट्याने घरी जायचे.

पिराजी हा नाक्यावरचा सगळ्यात जुना कुत्रा. त्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा होता, पुढचा डावा पाय थंडीत धरे, आणि भुंकण्यात पूर्वीची धार राहिली नव्हती, तरी दम होता. पट्टा असेपर्यंत चावडीवरून दोन वेळची भाकरी येई. पट्टा गेला की कुत्रा भटका ठरे, आणि भटक्याला त्या राज्यात कोणी दारात उभे करीत नसे. पिराजीने उभ्या आयुष्यात हजारभर खुरवाले थांबवले असतील. त्यातले बरेच थांबले, काही पळाले. पळालेल्यांच्या मागे थोडे धावायचे, धाप लागली की परत यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तोच समोरून आला की त्याला धरायचे, अशी त्याची साधी रीत होती. रस्ता एकच असल्यामुळे ती चालून जाई.

मग एका पळालेल्या घोड्याने वाटेत एक कासव चिरडले. कासव म्हातारे होते आणि नात्यागोत्याचे मोठे होते, त्यामुळे बोभाटा झाला आणि गोष्ट बगळ्यांपर्यंत गेली.

राज्याचे कायदे बगळे करीत. तळ्याकाठी एका पायावर उभे राहून ते विचार करीत आणि दुसरा पाय टेकण्याची वेळ सहसा येऊ देत नसत. तळ्यावरून नदीवर, नदीवरून पुन्हा तळ्यावर, त्यांचे सगळे जाणेयेणे उडून. रस्ता त्यांनी पाहिलेला होता, पण वरून, आणि वरून तो फार सरळ दिसे. बगळ्यांचे थोरले पंच धवलराव यांनी तीन दिवस डोळे मिटून विचार केला आणि सांगितले की उधळणे वेगळे आणि भुंकल्यावर पळणे वेगळे. पहिला उतावळेपणा आहे, दुसरा उर्मटपणा. उर्मटपणाला वेगळी शिक्षा हवी, आणि ती मोजून देता आली पाहिजे.

मोजायचे कसे, यावर तोडगा निघाला तो असा. नाक्यापासून कुरणापर्यंत रस्त्याच्या कडेला दगड रोवायचे, त्यांना गेरू लावायचा आणि त्यांच्यावर आकडे कोरायचे. भुंकल्यानंतर पळणारा जितके दगड ओलांडील तितके महिने कोंडवाडा. एक दगड, एक महिना. शहाणा असेल तो पहिल्या दगडाच्या आत थांबेल. मागे धावणाऱ्या कुत्र्याने दर दगडाला एकदा भुंकायचे, म्हणजे पळणाऱ्याला आपला हिशेब ऐकू जाईल आणि राज्यालाही साक्ष राहील. पहारेकऱ्याची मोजणी अंतिम. आणि पाठलाग अर्ध्यात सोडणाऱ्या कुत्र्याचा पट्टा उतरवला जाईल. दगड कोरायचे काम सुतारपक्ष्याला मिळाले. त्याने आयुष्यभर लाकूड कोरले होते, पण कोरणे येते ना, एवढे बगळ्यांना पुरले. बिचाऱ्याची चोच पहिल्या सहा दगडांतच बोथट झाली.

आठ दिवस कायदा छान चालला. कोंडवाड्याच्या नावानेच खुरवाल्यांचे पाय आखडले. नवव्या दिवशी एक बैल बावरला आणि भुंकल्यावरही दोन दगड पुढे गेला. दोन महिने कोंडवाड्यात काढून बाहेर आला तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या. सगळ्यांनी त्या पाहिल्या. बगळ्यांना वाटले की आता जरब बसेल, आणि ती बसलीही. पण जरब बसलेला जीव काय करतो हे पिराजीला रोज मागे धावून दिसू लागले. पहिल्या भुंकण्याला पळणारा कान मागे करी, म्हणजे ऐके. दुसऱ्याला पाय अडखळत. तिसरे भुंकणे झाले की मात्र त्याच्या पाठीवरून काहीतरी उतरून गेल्यासारखे होई आणि तो डोके खाली घालून सुटे. तीन महिने गेलेच आहेत, मग थांबून काय मिळवायचे. पिराजी मोजत राही, कारण मोजणे हेच त्याचे काम होते, आणि प्रत्येक आकड्यासरशी पुढचा अधिक जोरात पळे.

त्यातून खुरवाल्यांना आणखी एक गोष्ट सुचली. दगड रस्त्यावर होते. रस्ता सोडला की दगड नव्हते. नाक्यापासून दहा ढांगांवर, पहिल्या दगडाच्या अलीकडेच, उजव्या हाताला लाव्यांची आळी सुटे. लावे जमिनीवर घरटी करणारे गरीब पक्षी, उडणे जेमतेम. त्यांची आळी म्हणजे गवतातून गेलेली एक अरुंद वाट, पलीकडे ओढ्याला मिळणारी, आणि ओढ्याकाठाने कुरणात जाता येई. तिथे शिरले की महिना लागत नाही हे एका रेड्याला कळले, आणि मग ते सगळ्यांना कळले.

त्या आळीत येसाबाई नावाची लावी राहत होती. तिचे पहिले पिल्लू त्या रेड्याच्या खुराखाली गेले. लाव्यांमध्ये रीत अशी की जीव गेला त्या जागी मुठीएवढा दगड ठेवायचा, त्याला गेरू फासायचा आणि रोज सकाळी समोर नाचणीचे चार दाणे टाकायचे. येसाबाईने तसे केले. बगळ्यांपर्यंत बातमी गेली आणि त्यांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी ताबडतोब हुकूम काढला की आळीतही दगड रोवावेत. सुतारपक्ष्याने सात कोरले, एक ते सात, आणि ते आळीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत उभे राहिले. आता आळीतून पळणारा सुटणार नव्हता, पण रस्त्यापेक्षा इथे दगड कमी, म्हणून तो शिरायचा थांबलाही नाही. आळीतल्या कोणाला हे हवे होते का, असे विचारायला कोणी खाली उतरले नाही.

दोन वर्षांत येसाबाईची आणखी दोन पिल्ले गेली.

तिसऱ्यानंतर पिराजीने एक गोष्ट केली. एक खोंड आळीत शिरला, आणि पिराजी आळीच्या तोंडाशी थांबला. मागे गेलाच नाही. मागे कोणी नाही म्हटल्यावर खोंड चार पावलांत ढिला पडला आणि वास घेत घेत ओढ्यापर्यंत चालत गेला. त्या दिवशी आळीत गवताची काडीसुद्धा मोडली नाही. पिराजीला वाटले, सापडले. पण खोंडाने कुरणात जाऊन सांगितले की आळीत शिरलात तर म्हातारा मागे येत नाही. दुसऱ्या दिवशी चार जण आळीतून गेले, तिसऱ्या दिवशी नऊ. आता त्यांच्या मागे कोणी नव्हते, पण कुरण पुढे होतेच, म्हणून ते पळतच गेले. आणि धवलरावांचा निरोप आला की या वेळी वयाकडे पाहून सोडले आहे, पुढल्या वेळी पट्टा ठेवून जावे.

पिराजी येसाबाईकडे गेला. कशासाठी ते त्याला नीट सांगता आले नसते. ती घरट्याची काटकी सारखी करीत होती.

"पिराजीदादा," ती म्हणाली, "तुमी मागं लागलात की तो आत येतो. तुमी थांबलात तरी तो आत येतोच. आता आमी कुटं जावं ते तरी सांगा."

पिराजी शेपूट पायात घालून नाक्यावर परतला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मागे धावू लागला.

चौथे पिल्लू खुराखाली गेले नाही. त्या दिवशी पुढे एक तट्टू होते. ते हलके आणि चपळ, आळीतून उड्या मारत निघून गेले आणि त्याने कोणाला धक्का लावला नाही. मागून पिराजी होता. तो मान वर करून दगड मोजत धावत होता, चार, पाच, आणि पाच आणि सहाच्या मध्ये त्याच्या डाव्या पंज्याखाली काहीतरी मऊ आले. आपण कशावर पाय दिला हे त्याला त्याच क्षणी समजले. तो थांबला नाही. सहा भुंकला, सात भुंकला. परत येताना चिखलात त्याने स्वतःचा पंजा उमटलेला पाहिला आणि त्याच्या शेजारी येसाबाई बसलेली पाहिली. तिने पंजा ओळखला होता. तिने बोल लावला असता तर बरे झाले असते असे पिराजीला पुढे कित्येक दिवस वाटत राहिले. चावडीवर चौकशी झाली तेव्हा फक्त खुरांची झाली. तट्टूचे खूर तपासले, ते स्वच्छ निघाले आणि प्रकरण मिटले.

त्यानंतर पिराजीला भाकरी गोड लागेना. दुसऱ्या कुत्र्यांना वाटले की म्हातारपण आहे. म्हातारपण होतेच, पण थकवा त्याचा नव्हता. रोज तेच भुंकायचे, तेच पळायचे, तोच आकडा, आणि रोज सकाळी चार लहान दगडांपुढे टाकलेले दाणे ओलांडून जायचे, याचा तो थकवा होता.

त्या हंगामात येसाबाई पुन्हा अंड्यांवर बसली. पाच अंडी होती. ती फुटायला बारा दिवस उरले होते, आणि लावीला घरटे उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पिराजीने बारा दिवस मनाशी धरले. पिल्ले बाहेर पडून वाटेवर दुडदुडायला लागायच्या आत हा कायदा जायला हवा होता. तो फक्त बगळेच घालवू शकत होते. पिराजी त्यांना वाईट समजत नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. त्याचे म्हणणे इतकेच होते की त्यांनी आळी पाहिलेली नाही. एकदा त्यांनी खाली उतरून दोन पायांवर त्या वाटेने चालावे, ते चार दगड बघावेत, पुढचे त्यांचे तेच समजतील. आता बगळ्यांना रस्त्यावर उतरवायचे कसे, एवढाच प्रश्न होता. गाऱ्हाणे ऐकायला ते उतरत नसत. चूक तपासायला कदाचित उतरले असते.

पाचव्या दिवशी सकाळी जानू नावाचा एक तरणा रेडा नाक्यावरून उधळत गेला. पिराजी भुंकला. जानूने एकदा मागे पाहिले आणि तो आळीत शिरला. पिराजी मागे लागला, मान खाली घालून, पाय कुठे पडतो ते बघत. पहिल्या कोरलेल्या दगडाला तो भुंकला. पुढे गेरू फासलेला मुठीएवढा दगड आला, त्यालाही भुंकला. अशी त्याने सगळी आळी मोजली, मोठे सात आणि लहान चार. येसाबाई अंड्यांवर पंख पसरून बसून होती आणि जानूचे खूर तिच्यापासून दोन विती अंतरावरून गेले. आळीच्या पलीकडे ओढ्याच्या गाळात जानू पोटापर्यंत रुतला आणि प्रकरण संपले. दोघेही धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिले.

"किती झाले?" जानूने विचारले.

"अकरा."

जानूने डोळे मिटले. मग पिराजीने त्याला विचारले की पहिल्याच भुंकण्याला तो थांबला का नाही, एका दिवसाचा तर प्रश्न होता.

"घरी आई पडून हाय, काका. काल बी नाक्यावरच गेला दिस. आज गेला असता तर तिला न्यायला घास नव्हता." गाळात त्याचा एक पाय उगाच हलत होता. "आळीत शिरलो आन् कोंडवाड्याचं भ्या वाटलं, लगेच थांबणार होतो. खरंच थांबणार होतो. पर तुमी मोजाया लागलात."

पिराजीला त्याची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली. या पोराच्या गळ्यात आपण चार महिने जास्तीचे बांधले आहेत हे त्याला माहीत होते. पण बगळे आले, त्यांनी पाहिले, की हे अकराच्या अकरा महिने फिटतील, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि तो तळ्याकडे निघाला.

तळ्याकाठी सभा भरली. बगळ्यांच्या नोंदीत आळीत सातच दगड होते, आणि पहारेकरी अकरा सांगत होता. धवलरावांनी त्याला शांतपणे पुन्हा विचारले. पिराजीने पुन्हा अकरा सांगितले. पहारेकऱ्याची मोजणी अंतिम, हा नियम त्यांचाच होता. मोजणी खोटी म्हणावी तर आजवरच्या सगळ्या मोजण्यांवर संशय येणार, आणि खरी म्हणावी तर नोंद चुकीची ठरणार. बगळे अस्वस्थ झाले. दोघातिघांनी पाय बदलले.

"सातच्या वरचे चार कोणी ठेवले?" धवलरावांनी विचारले.

"तीन खुरवाल्यांनी," पिराजी म्हणाला, "आणि चौथा माझ्या पंज्यानं. येऊन बघा, महाराज. एवढंच मागणं आहे. एकदा चालत येऊन बघा."

पंज्याबद्दल कायद्यात काही नाही, असे एका तरुण बगळ्याने मागून सांगितले. पण धवलराव विचारात पडले होते. नोंद आणि जागा यांचा मेळ बसत नसेल तर जागा पाहिलीच पाहिजे, असे ते म्हणाले. पिराजीला ते ऐकून बसावेसे वाटले आणि तो तिथेच बसला. खूप वर्षांत त्याला इतके हलके वाटले नव्हते.

नवव्या दिवशी बगळे आळीत आले. उडत न येता चालत आले, लांब पाय उचलून, चिखल टाळत, एकामागे एक. आळीतले सगळे लावे गवतातून बाहेर येऊन उभे राहिले होते. त्यांच्या वाटेने आजवर कोणी इतके हळू गेले नव्हते. पिराजी पुढे होता. पहिल्या लहान दगडापाशी धवलराव थांबले, वाकले आणि समोरचे दाणे त्यांनी पाहिले. त्यांनी हे कोणाचे म्हणून विचारले आणि येसाबाईने अंड्यांवर बसल्या जागेवरून सांगितले. धवलरावांच्या डोळ्यांत पाणी आले. ते खरे पाणी होते, पिराजीने जवळून पाहिले. दुसऱ्या दगडापाशीही ते थांबले, तिसऱ्यापाशीही, आणि चौथ्यापाशी तर फार वेळ थांबले. पिराजी त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

मग धवलराव सरळ उभे राहिले आणि म्हणाले की पहारेकरी बरोबर आहे. दगड अकराच आहेत, आणि जानूचे महिनेही अकराच. चूक नोंदीची होती आणि ती दुरुस्त करणे राज्याचे कर्तव्य आहे. आळीत इतके दुःख झाले आहे की जरब वाढवायलाच हवी, आणि सातापेक्षा अकराची जरब मोठी. इतक्या नेमक्या मोजणीबद्दल पिराजीच्या पट्ट्याला पितळेची कडी बसवावी असेही ते म्हणाले, आणि ती तिथेच बसवली गेली. सगळ्या बगळ्यांनी मान हलवली. मग ते एकामागे एक उडाले, आणि वरून त्यांना आळी सरळ दिसली असेल.

सुतारपक्षी मागे राहिला. पहिल्या लहान दगडापाशी बसून त्याने बोथट चोचीने त्यावर आठ कोरायला घेतला. दगडाची भुकटी उडून दाण्यांवर पडू लागली. पिराजी नवी कडी गळ्यात घालून बाजूला उभा होता आणि कुठे बघावे ते त्याला कळत नव्हते. येसाबाई अंड्यांवरून उठली. तिने चारही दाणे एकेक करून चोचीने उचलले आणि आकडा कोरून होईपर्यंत पंखाखाली धरून उभी राहिली. सुतारपक्षी नऊ कोरायला पुढच्या दगडाकडे गेला, तेव्हा तिने पंखाने भुकटी झटकली, दाणे पुन्हा होते तिथे मांडले आणि ती त्याच्या मागोमाग पुढच्या दगडाकडे गेली.